खाट सातचे हातमोजे

उगम : खाट सात.
पोहोच : खाट आठ.
वाहक : नातेवाईक, खाट सात. हातमोजे.

एवढंच. यंत्र लांबण लावत नाही.

मिरजेतल्या त्या रुग्णालयात यंत्राला एक लांबलचक सरकारी नाव होतं. ते कुणाला पाठ नव्हतं. झाडूवाल्यांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला आत्याबाई म्हणत. लग्नात मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेली एखादी आत्या असते. येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघून ती सांगते : ही आपल्या निपाणीच्या यमूच्या जावेची नणंद, नाक बघ की तिचं. हे यंत्र जंतूंची नाकं बघायचं.

यंत्रापासून इंदूकाकूंपर्यंत

"बसा ना, काकू," डॉ. केतकी नाईकनवरे म्हणाल्या.

इंदूकाकू कोष्टी बसल्या नाहीत. खाट सातवरच्या आपल्या नवऱ्याचा काहीतरी वाईट रिपोर्ट आलाय, असं त्यांना वाटत होतं. वाईट बातमी उभ्यानं ऐकली की लवकर संपते.

"ह्यांचं काय वाढलंय का?"

"काकांचं बरं चाललंय. अमृताबद्दल बोलायचंय."

मग त्या बसल्या. अमृता पोवार खाट आठवर होती. गेल्या आठवड्यात वारली. पंचविशीची पोरगी, अंकलीच्या पुलाजवळ स्कूटरवरून पडली, कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं होतं. घरी जायची बोलणी सुरू झाली होती. मग ताप आला आणि कुठल्याच औषधाला उतरला नाही.

"तो ताप तिला इथेच लागला," डॉक्टर म्हणाल्या. "हाड मोडून कुणी असं जात नाही. रुग्णालयातला जंतू होता. पूर्वी आम्ही एवढंच सांगून गप्प बसायचो. आता कायदा आहे. तो जंतू कुठून आला हे घरच्यांना सांगावं लागतं."

"मग सांगा की. कुठनं आला?"

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा काकूंकडे वळवला. त्यावर एक झाड होतं, उलटं, मुळं वर आणि फांद्या खाली. फांद्यांच्या टोकांना खाटांचे आकडे.

"काकू, तुमच्या गल्लीत गणपतीची आरती कशी म्हणतात?"

"म्हणजे?"

"एखादा शब्द चुकीचा म्हणत असतील. पिढ्यान्‌पिढ्या. पोरं मोठ्यांकडून ऐकतात आणि तीच चूक पुढे म्हणतात. शेजारच्या गल्लीत चूक वेगळी असते."

"असतीय. आमच्यात एक आख्खी ओळच गाळतात."

"मग उद्या पुण्यात एखादा मुलगा तीच ओळ गाळून आरती म्हणाला, तर तुम्ही काय म्हणाल?"

"आमच्या गल्लीतला हाय म्हणीन."

"तसंच. जंतूच्या पोटात पन्नास-पंचावन्न लाख अक्षरं असतात. एकाचे दोन होताना तो ती सगळी उतरवून काढतो. उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक त्याच्या पोरांत, नातवंडांत जशीच्या तशी जाते. आत्याबाई फक्त त्या चुका वाचतात. कुणाची चूक कुणात उतरली ते बघतात."

प्रत्येक बेसिनच्या पाइपात, खाटेच्या कठड्यावर, लघवीच्या पिशवीच्या तोटीपाशी आत्याबाईंची नखाएवढी तोंडं बसवलेली होती. ती दिवसभर ओल चाटत. नातेवाइकांच्या मनगटावर पट्टा असे. कोण कुठल्या खाटेपाशी गेलं ते त्यावरून कळे. चुका आणि पावलं जुळवली की झाड तयार.

"हा जंतू काकांच्या आतड्यात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना त्याचा काही त्रास नाही. तो तिथं नुसता राहतोय. पण तो त्यांच्या लघवीच्या पिशवीत उतरला, आणि तिथून…" त्या थांबल्या. "तुमच्या खाटेच्या कठड्यावर हातमोजे वाळत घातलेले होते. तुमचेच ना?"

"माझेच. रोज धुते. साबण लावून. आतनं उलटे करून पण धुते."

हे सांगताना काकूंच्या आवाजात थोडी ऐट होती. ती पुढे आयुष्यभर त्यांच्या कानात राहिली.

"ते एकदा वापरून टाकायचे असतात, काकू."

"चांगले होते की. फाटलेपण नव्हते."

डॉक्टरांनी मग हळूहळू सगळं सांगितलं. ते रबर कातडीसारखं नसतं. धुतलं की त्याला बारीक ओरखडे पडतात. बोटांच्या टोकात ओल राहते. त्या ओलीत जंतू स्वतःभोवती चिकट थर करून बसतो आणि साबण वरून निघून जातो. काका, मग हातमोजे, मग अमृताच्या पिशवीची तोटी, मग नळी, मग रक्त.

काकूंनी आपले हात उलटसुलट करून बघितले.

"आणि मोजे नसतेच घातले तर? नुसत्या हातानं केलं असतं तर?"

"तुम्ही हात कसे धुता?"

"हात व्हय? कोपरापर्यंत. राखेनं धुवायची सवय होती, इथं साबणानं. दर वेळी."

खोटं बोलता येत असतं तर डॉक्टर बोलल्या असत्या.

"मग बहुतेक काही झालं नसतं."

सिस्टरपासून इंदूकाकूंपर्यंत

आयसीयूतून बाहेर काढलेले, पण घरी पाठवण्याइतके बरे न झालेले पेशंट ज्या वॉर्डात ठेवत, त्याला सगळे मधला वॉर्ड म्हणत. बायका-पुरुष एकत्र, मध्ये हिरवे पडदे, प्रत्येक खाटेला एक नातेवाईक. संपूर्ण वॉर्डाला दोन सिस्टर. त्यातली एक रजेवर असली की एक.

वसंतराव कोष्टी अर्धांगवायूनंतर तिथे आले तेव्हा सिस्टर सुवार्ता आवळे एकट्याच होत्या. त्या खाट तीनवरून ओरडल्या होत्या, "काकू, तेवढी काकांची पिशवी रिकामी करता का? मी अडकलेय इकडं. माप बघा आणि मला सांगा फक्त."

काकूंनी केली. माप बरोबर सांगितलं. सिस्टरनी येऊन खांद्यावर हात ठेवला, "देवानंच पाठवलं तुम्हाला," आणि हातमोज्यांचा एक जोड दिला. "हे घाला. नवे आहेत."

नवे होते. पांढरे, पावडरीचा वास येणारे. इचलकरंजीच्या घरी काकूंच्या खिडकीच्या गजांना दुधाच्या पिशव्या धुऊन उलट्या अडकवलेल्या असत. वसंतराव मागावर कापड विणायचे आणि काकू घरी सुताच्या कांड्या भरत. धागा तुटला की गाठ मारायची, टाकायचा नाही. त्या हातांनी चांगला, न फाटलेला रबरी मोजा कचऱ्यात टाकायचा? टाकवलाच नसता.

त्यांनी तो धुतला, झटकला, कठड्यावर वाळत घातला.

पुढे खाट पाचच्या सुनेला त्यांनी हटकलं, "अगं, तशीच हात घालतीस? मोजे घालावेत. स्वच्छता नको?"

सून म्हणाली होती, "मला कुठं दिलेत?"

"मागून घ्यावेत की. तोंड आहे ना?"

संकेतपासून इंदूकाकूंपर्यंत

अमृताचे आईवडील नव्हते. भाऊ होता, संकेत. शिरोळच्या दूध संकलन केंद्रात कामाला. तो पहिल्या दिवशी पडद्याबाहेर येऊन उभा राहिला, कान लाल.

"काकू, तिला जरा… म्हणजे सिस्टर नाहीत आत्ता, आणि मी… जरा…"

वाक्य पूर्ण झालं नाही. ते पूर्ण करायची गरजही नव्हती. बहीण कमरेपासून खाली हलू शकत नाही आणि भाऊ तिशीचा. काकू उठल्या.

"तू बाहेर जा. चहा पिऊन ये. आणि लवकर नको येऊस."

त्यांनी हातमोजे घातले. स्वतःच्या नवऱ्याचं करताना त्या कधी घालत, कधी नाही. पण परक्याच्या पोरीला आपल्या हाताची घाण लागू नये, म्हणून अमृतासाठी न चुकता घालायच्या.

अमृता पिकांवर फवारणी करणारे ड्रोन दुरुस्त करायची. तोंड भारी होतं तिचं.

"काकू, मोजे घातले की तुम्ही एकदम सर्जन वाटता. एक छोटंसं ऑपरेशन करून टाका माझं. म्हणजे घरी जाईन."

"तुझ्या जिभेचं करते."

"डॉक्टर कोष्टी चिडल्या!"

तेव्हापासून त्या डॉक्टर कोष्टी. पडद्यापलीकडून हाक यायची, "डॉक्टर कोष्टीऽऽ, राउंडला या!" वसंतरावांच्या वाकड्या झालेल्या तोंडाचा एक कोपरा हलायचा. तेच त्यांचं हसणं.

पिशवी रिकामी करून झाली की काकू मोजे काढायच्या, हात धुवायच्या आणि मग अमृताचे केस विंचरायच्या. तेल लावून, घट्ट वेणी. त्यासाठी उघडेच हात. केसांना मोजे कशाला?

खाट आठपासून कुठेच नाही

ताप आला. उतरला नाही. पडदा बंद झाला. पडदा उघडला तेव्हा गादी गुंडाळलेली होती.

संकेतपासून इंदूकाकूंपर्यंत, अजूनही

बहीण गेल्यावरही संकेत रोज दुपारी डबा घेऊन यायचा. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं, "अरे, तू आता कशाला दमतोस?"

तो म्हणाला, "एकट्याचा भात लावायला जमत नाही मला. उरतो."

नातेवाइकांच्या शेडमध्ये बसून ते दोघं जेवायचे. तो स्वतः स्वयंपाक करायचा, मीठ कमी पडायचं. परवा तो घास हातात धरून म्हणाला होता, "काकू, त्या सुवार्ता सिस्टरला मी सोडणार नाही. एकदा हात न धुता तिनं अमृताची नळी धरलीय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. यंत्राचा निकाल येऊ दे. आख्खं गाव आणून उभं करतो दारात."

काकू म्हणाल्या होत्या, "जेव तू."

तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं. आता माहीत होतं, आणि संकेतला उद्या सकाळी सांगणार होते. डॉक्टरांनी दोन वाटा ठेवल्या होत्या. "तुम्ही समोर बसू शकता, किंवा नाही आलात तरी चालेल. आम्ही नाव घेत नाही. फक्त 'नातेवाईक, खाट सात' एवढंच म्हणतो."

"खाट सातला माझ्याशिवाय कोण हाय?"

डॉक्टरांनी पडदा परत स्वतःकडे वळवला.

तिसरी वाट काकूंनी स्वतःच शोधली होती. आजच वसंतरावांना घरी न्यायचं. सही करायची, गाडी करायची, इचलकरंजी. संकेतला घर माहीत नव्हतं.

इंदूकाकूंपासून वसंतरावांपर्यंत

"पा… णी."

काकूंनी पेला उचलला आणि परत ठेवला. हात पदराखाली घेतले. "सिस्टर, ह्यांना पाणी द्या जरा!"

सिस्टर कुठे तरी दुसऱ्या टोकाला होत्या. वसंतराव पेल्याकडे बघत होते. मग पदराकडे.

"हा… त?"

"काही नाही. कापलंय जरा."

त्यांनी डावा, चालता हात पुढे केला. बघू, असा. काकू मागे सरकल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्यापासून एकही मोठी गोष्ट लपवली नव्हती. लपवायला घर तेवढं मोठंच नव्हतं.

वसंतराव बराच वेळ बोलायची तयारी करत होते. त्यांना आता एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा काढावा लागे.

"पोर… गी. माझं… लागलं?"

वॉर्डात भिंतींना कान नसतात, पण पडदे पातळ असतात. कुणीतरी काहीतरी बोललं असणार.

"छे! नळाचं पाणी खराब होतं म्हणाल्या डॉक्टर. नळाला लागलं होतं."

नळावर घातलं. किती सोपं होतं. वसंतरावांनी डोळे मिटले. त्यांच्या मिटलेल्या पापणीखालून पाणी आलं, चालत्या बाजूने नाही, लुळ्या बाजूने. काकूंनी ते पुसलं नाही. पुसायला हात लागले असते.

ह्या माणसाला घरी नेऊन मी त्याला शिवायचीच नाही का? मग पळून काय मिळवणार?

तिसरी वाट तिथे संपली.

सिस्टरपासून इंदूकाकूंपर्यंत, पुन्हा

जिन्यात सिस्टर सुवार्ता उभ्या होत्या. त्या मुद्दाम थांबल्या होत्या हे उघड होतं.

"काकू, ते मोजे मी रोज बघत होते. कठड्यावर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बोलले असते तर तुम्ही वाईट वाटून घेऊन सगळंच बंद केलं असतं. तुम्ही होता म्हणून मला खाट आठची काळजी नसायची. निम्मा वॉर्ड तुम्ही सांभाळायचा. मला वाटलं, असू दे. धुतलेले तरी आहेत." सिस्टरनी जिन्याचा कठडा धरला. "पिशवी रिकामी करा असं मीच सांगितलं होतं ना तुम्हाला. यंत्रात ते येत नाही. हात कुणाचे लागले ते येतं."

"बघणाऱ्याचं पण येत नाही?"

"नाही येत."

खालून कुणीतरी स्ट्रेचर ओढत नेलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"माझं नाव घेणार का तुम्ही?" सिस्टरनी विचारलं. घ्या म्हणत होत्या की घेऊ नका म्हणत होत्या, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

"तुझं नाव घेऊन माझं कमी होणार हाय का?"

"नाही."

"मग तुझं तू बघ, बाई. मला माझं जाऊन सांगायचंय."

इंदूकाकूंपासून संकेतपर्यंत

काकूंनी जिन्यावरून शेडपर्यंत येईतो वाक्य तयार केलं होतं.

*संकेत, माझ्या हातातनं चूक झाली.* चूक म्हणजे भाजीत मीठ जास्त पडतं ती.

*संकेत, आमच्या ह्यांच्या पोटातला जंतू.* म्हणजे पुन्हा दुसऱ्यावर घालणं. नळ नाही तर नवरा.

*संकेत, मला माहीत नव्हतं.* हे खरं होतं, आणि म्हणूनच सगळ्यात निरुपयोगी होतं.

तो डबा उघडत होता. आज मटकीची उसळ होती. "काकू, उशीर झाला? आज मीठ बरोबर पडलंय, बघा तरी."

"झाकण लाव."

"आं?"

"लाव झाकण. आधी ऐक. मग तुला मला जेवू घालायचं असलं तर घाल." काकू बसल्या नाहीत. "सिस्टरनं नाही केलं. मी केलं. माझ्या मोज्यातनं गेलं अमृताला. ह्यांची पिशवी काढायचे, मोजे धुवायचे आणि तेच घालून तिची काढायचे. यंत्रात आलंय. उद्या तुला सांगणार हायत. त्यांच्या तोंडनं तू ऐकू नयेस म्हणून मी आलेय."

संकेतला पहिल्यांदा कळलं नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र हसू आलं, चुकून आल्यासारखं.

"ती तुम्हाला डॉक्टर म्हणायची."

"व्हय."

"केस पण तुम्हीच विंचरायचा."

"ते नुसत्या हातानं. त्यातनं काही गेलं नाही म्हणाल्या डॉक्टरबाई."

"नुसत्या हातानं नाही गेलं," तो म्हणाला. "स्वच्छता केली त्यातनं गेलं."

काकूंना वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने डबा उचलला आणि चालू लागला. फाटकापाशी जाऊन त्याने उसळ आणि भात कुत्र्यांपुढे उपडा केला. कुत्र्यांचं होईपर्यंत तिथेच उभा राहिला. मग फाटकाजवळच्या नळावर रिकामा डबा धुतला, पुन्हा धुतला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत तो काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभा राहिला. काकू पुढे बसल्या होत्या. सिस्टर सुवार्ता दारात होत्या, बोलावलेलं नसताना.

डॉक्टरांनी झाड दाखवलं. संकेतने ते नीट बघितलं, बहिणीने बिघडलेला ड्रोन बघितला असता तसं.

"ह्यांना पिशवीला हात लावायला कुणी सांगितलं?"

"मी," दारातून आवाज आला.

"ते ह्यात कुठं आहे?"

"ह्यात येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्र फक्त स्पर्श धरतं. विनंती धरत नाही."

"आणि अमृताच्या पिशवीला?"

त्याचं उत्तर त्याला स्वतःलाच माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं. पण त्या बोलल्या नाहीत.

"मी तर वाक्य पण पुरं केलं नव्हतं," संकेत भिंतीकडे बघत म्हणाला.

तो काकूंकडे न बघता निघून गेला. डबा त्या दिवसापासून बंद झाला.

खाट सातपासून सगळ्या खाटांपर्यंत

मग मधल्या वॉर्डात एक नवीनच लागण पसरली. ती आत्याबाईंच्या झाडात दिसत नव्हती.

खाट पाचची सून आता खाट सहाला पाणी देत नसे. कुणी कुणाची उशी सारखी करत नसे. "जरा बघता का, मी खाली जाऊन येतो," असं म्हटलं की समोरचा माणूस मनगटावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवायचा आणि ओशाळं हसायचा. नको बाबा, उद्या माझं नाव यायचं. पडदे पूर्ण ओढलेले. मांडीवर ठेवलेले हात. प्रत्येक खाट एकेक बेट झाली होती, आणि बेटांमधून सिस्टर सुवार्ता धापा टाकत पळत होत्या.

संसर्ग कमी झाले. डॉ. केतकींनी आकडे बघितले आणि त्यांना आनंद झाला. मग खाट दोनचे आजोबा लघवीला जाताना एकटेच उठले आणि पडले. त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली होती. आत्याबाईंनी त्याची नोंद घेतली नाही. पडण्यात जंतू नव्हता.

काकू वसंतरावांना आता पाणी देत. पाण्याआधी हात धुत, पाण्यानंतर धुत. बोटांची कातडी सोलून आली होती. वसंतराव तो हात आपल्या चालत्या हातात धरून ठेवत आणि सोडत नसत. नळाबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एक दिवस काकूंनीच सांगितलं, "नळाचं नव्हतं ते." ते म्हणाले, "मा… हीत." त्यानंतर दोघंही खाट आठकडचा पडदा ओढून घेत नसत. तिथे आता दुसरं कुणीतरी होतं. तरी बघत.

दुसऱ्या कुणाच्या खाटेकडे मात्र काकू गेल्या नाहीत. हाक आली की मान खाली घालत.

खाट नऊवर अथणीकडची एक म्हातारी आली होती, बाळव्वा. मराठी तिला थोडंच यायचं. मुलगा औषधं आणायला खाली गेला की ती एकटी. त्या दुपारी ती कानडीत 'आई, आई' अशा हाका मारू लागली.

"यव्वा… यव्वाऽ…"

कशासाठी ते सगळ्या वॉर्डाला कळलं. वासही यायला लागला. सिस्टर दुसऱ्या टोकाला एका बिघडलेल्या पेशंटवर ओणव्या होत्या. त्यांनी एकदा मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. खाट पाचची सून मोबाइलमध्ये बघत होती. म्हातारीचा आवाज रडका झाला. तिला स्वतःची लाज वाटत होती. कुठल्याही भाषेत कळेल इतकी.

काकूंनी मान खाली घातली.

पावलं थांबली तेव्हा त्यांनी वर बघितलं. संकेत होता. अमृताचे राहिलेले कागद न्यायला आला असावा, हातात पिवळं पाकीट होतं. तो खाट नऊच्या पडद्यापाशी उभा होता. पडद्याला हात लावला, काढला. आत जाता येईना. कान लाल झाले होते.

तो मागे वळला. खाट सातकडे बघितलं नाही. खाट सातच्या कठड्याकडे बघितलं. तिथे आता काही वाळत घातलेलं नव्हतं.

"काकू," तो म्हणाला. "जरा…"

वॉर्डातल्या सगळ्या मांड्यांवरचे सगळे हात स्थिर झाले.

इंदूकाकूंनी वसंतरावांच्या हातातून आपला हात हळूच सोडवला. त्या उठल्या. बेसिनपाशी गेल्या. बेसिनच्या पाइपात आत्याबाईंचं इवलंसं तोंड उघडं होतं, वाट बघत. वर कोरे हातमोजे ठेवलेले होते, खोकंभर. डॉ. केतकींनी नुकतेच आणवले होते. काकूंनी त्यातला एक जोड काढून बाजूला ठेवला. आणि आधी नळ सोडला. तळहात. मागची बाजू. बोटांच्या बेचक्या. मनगटं. साबणाचा फेस सोललेल्या कातडीला झोंबत होता.

संकेत मागे येऊन उभा राहिला होता. हात मागे बांधून, तपासायला आलेल्या माणसासारखा. त्याच्या चेहऱ्यावर माफी नव्हती. काकूंनी ती शोधलीही नाही.

त्यांनी नळ बंद करायला कोपर पुढे केलं.

"अंगठा राहिला," तो म्हणाला.

काकूंनी परत साबण घेतला.